रिफिल निवड उपसमितीस मानपत्र

ज्या गावात सत्कार होत नाहीत त्या गावात कर्तबगार माणसं निपजत नाहीत, हे सत्य आता सर्वमान्य झालं आहे. अडाणी लोकांचा समज याच्या उलट असतो. आधी माणसाने काहीतरी करायचं आणि मग लोकांनी त्याचा सत्कार करायचा, असं त्यांना वाटतं. त्यात फार वेळ जातो. ओतूर आणि पंचक्रोशीत आम्ही ही अडचण केव्हाच दूर केली आहे. सत्कार आधी उरकून घेतो. कर्तबगारी मागाहून आली तर ठीक, न आली तरी जेवणाचा खर्च तेवढाच येतो.

या कामी शिवारभूषण प्रतिष्ठानाचा वाटा मोठा आहे. माननीय रखमाजीराव हे त्याचे संस्थापक, अध्यक्ष आणि (निवडणूक नेहमी बिनविरोध होत असल्याने) तहहयात अध्यक्ष. प्रतिष्ठान दरवर्षी एक आरोग्य शिबिर घेतं, येडगाव धरणाच्या फुगवट्याकडेला एक हायस्कूल चालवतं आणि तीसेक सत्कार करतं. शाळा अनुदानावर आपोआप चालते. सत्कारांना अनुदान नाही, त्यामुळे पदाधिकाऱ्यांना सगळं लक्ष तिकडे द्यावं लागतं. या सत्कारांची मानपत्रं मी लिहितो. ‘आपण समाजासाठी चंदनासारखे झिजलात’ हे वाक्य माझ्या हातून आजवर दोनशेच्या वर माणसांसाठी उतरलं आहे. त्यातल्या कुणाचंही वजन कमी झालेलं नाही.

पूर्वी सत्काराला शाल आणि श्रीफळ देत. श्रीफळाचं एक बरं असतं, ते फोडून खाता येतं. शाल मात्र लग्नातल्या टॉवेल-टोपीसारखी फिरते. ओतूरला दूध संस्थेच्या चेअरमनला घातलेली शाल घडी न मोडता नारायणगावला एका हेडमास्तरांच्या खांद्यावर जाते, तिथून मंचरला कुणाच्या वास्तुशांतीला, आणि थंडी पडायच्या सुमारास परत ओतूरला येते. १९९७ साली रखमाजीरावांच्या अंगावर पडलेली शाल त्यांनीच दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याला घातलेली होती. कोपऱ्यावरच्या रश्श्याच्या डागावरून त्यांनी ती ओळखली, कारण डाग त्यांच्याच हातचा होता. व्यासपीठावर ते काही बोलले नाहीत (सत्कारमूर्तीने तिथे फक्त भारावून जायचं असतं), पण पुढच्या बैठकीत म्हणाले, "लोकांनी ठिवून घ्यावी अशी कायतरी वस्तू द्या राव. फिरवाफिरवी लई झाली."

अशी वस्तू जानकूकडे मिळाली. जानकू हा ओतूरचा कातारी. मोटरीवरच्या लेथवर तो लाटणी, बाजेचे पाय आणि पाळण्याच्या खुंट्या कातायचा. उन्हाळ्यात येडगावच्या धरणाचं पाणी उतरलं की जुन्या बांधांवरच्या बाभळीची खोडं उघडी पडतात. वर्षानुवर्षं पाण्यात मुरून ती काळी आणि टणक झालेली असतात. त्यातल्या एका तुकड्याचं त्याने पेन कातलं. पोटाला किंचित फुगीर, टोकाला निमुळतं, मधे पितळेची बारीक कडी आणि वर घट्ट बसणारं टोपण. पेन देखणं होतं, हे मी मानपत्राचं मानधन न घेता सांगतो.

रखमाजीरावांनी ते खिशाला लावून आरशात पाहिलं आणि जागेवर पन्नासांची ऑर्डर दिली. जानकू म्हणाला, "तेवढं सांगा साहेब, टोकाचं भोक केवढं पाडू? रिफिल कंची घालणार तुमी, त्याच्यावर हाय ते."

प्रश्न साधा होता. साध्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं देणं ज्या संस्थांनी सुरू केलं त्यांचं पुढे काय झालं, हे आपण पाहतोच. त्यांना बैठकाच कमी पडायला लागल्या. प्रतिष्ठानाने ती चूक केली नाही. रिफिल निवड उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीत पाच जण होते. रखमाजीराव पदसिद्ध. दलीचंद शेठ तज्ज्ञ म्हणून, कारण बाजारपेठेत त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. एक निवृत्त विस्तार अधिकारी, कारण ते मोकळे होते. शाळेचे मुख्याध्यापक, कारण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. आणि सारजाबाई या महिला प्रतिनिधी, कारण हल्ली तसा आग्रह असतो.

पहिला विषय जाडीचा होता. बारीक प्लास्टिकची रिफिल घ्यावी की जाड धातूची? दलीचंद शेठनी जाड रिफिलच्या बाजूने अभ्यासपूर्ण मत मांडलं. ती टिकते, तिला वजन असतं, आणि त्यांच्या दुकानात तिचा एक खोका दिवाळीपासून पडून होता. (शेवटचा मुद्दा इतिवृत्तात घेतलेला नाही.) बारीक रिफिल पोरंसोरंही वापरतात, या मुद्द्यावर तिचा पक्ष लंगडा पडला. तरीही निर्णय पुढे ढकलण्यात आला, कारण पहिल्याच बैठकीत निर्णय झाला तर दुसऱ्या बैठकीचा चहा कोणत्या खर्चात दाखवायचा, असा प्रश्न उभा राहिला असता.

रंगाच्या विषयाला दोन वर्षं लागली. काळी शाई बाद झाली, कारण शुभकार्यात काळं चालत नाही. लाल बाद झाली, कारण मास्तर लोक तिने चुका काढतात आणि सत्कारमूर्तीला चुकांची आठवण होणं बरं दिसत नाही. निळी बाद झाली, कारण ती सगळेच वापरतात, मग मान तो काय राहिला? उरली हिरवी. रखमाजीरावांचा जीव हिरव्या शाईत अडकला होता, कारण तिने मोठे साहेब सह्या करतात. पण विस्तार अधिकारी आडवे आले. हिरवी शाई मिळायला एक पायरी उरली असताना ते निवृत्त झाले होते. जी आपल्याला बत्तीस वर्षांच्या सेवेत मिळाली नाही ती दुधाच्या चेअरमनला नारळाबरोबर मिळावी, हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

याच बैठकीत सारजाबाईंनी विचारलं, "पर त्यानं लिवायचं काय हाय?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने घेण्यात आला नाही.

शास्त्रीय कसोटीकडेही उपसमितीने दुर्लक्ष केलं नाही. डोंगरातल्या धुक्यात आणि पावसात रिफिल गळते की गोठते, हे पाहायला आषाढात आहुपे येथे अभ्यास दौरा काढण्यात आला. (श्रावणात कोंबडी चालत नाही, त्यामुळे घाई करणं भाग होतं.) दोन जीप गेल्या. सदस्यांनी देवराई बाहेरून पाहिली आणि तिच्याविषयी आदर व्यक्त केला. जेवणानंतर चाचणी घ्यायची ठरली तेव्हा असं लक्षात आलं, की रिफिल ओतूरलाच राहिल्या होत्या. दौऱ्याचा अहवाल मी लिहिला. ‘धुक्यात एकही रिफिल गळाल्याचे आढळून आले नाही’ असं त्यात नमूद आहे, आणि ते शब्दशः खरं आहे.

दरम्यान सत्कार थांबवता येत नव्हते. तेव्हा उपसमितीने तात्पुरता ठराव केला, की पेनं तूर्त रिफिलविना द्यावीत, रिफिल यथावकाश पोच करण्यात येईल. जानकूनेही टोकाला भोक न पाडताच पेनं द्यायला सुरुवात केली. त्याला ते सोयीचंच होतं. टोकाचं काम वेळखाऊ, आणि पैसे तेवढेच.

ज्यांना पेनं मिळाली त्यांची कसून पाहणी करण्यात आली. (पाहणी मी चहाला गेलो तिथे तिथे केली.) एव्हाना वाटलेल्या शंभर पेनांपैकी साठ शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या पुढे आणि प्लास्टिकच्या द्राक्षांच्या मागे होती. एकतीस पेनं डबीसकट दुसऱ्या कुणाच्या तरी सत्काराला गेली होती. आठ खिशाला होती. एक पेन धोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी कोनाड्यात होतं, त्याबद्दल पुढे येईल. टोपण एकाचंही काढलेलं नव्हतं. तक्रारी शून्य.

तक्रारी शून्य, हे वाक्य पुढच्या बैठकीत वाचलं गेलं आणि इतिवृत्तात ‘रिफिलबाबत सर्वत्र समाधान’ असं उतरलं. त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘दर्जेदार रिफिलसह’ असे शब्द आले. अहवाल छापील होता. छापलेलं वाचल्यावर सगळ्यांचीच खात्री पटली, की रिफिल आत आहे. कुठली आहे ते कुणी विचारलं नाही, कारण ज्याने विचारलं असतं त्याला आपण बैठकीला नव्हतो हे कबूल करावं लागलं असतं. उपसमिती मात्र बरखास्त झाली नाही. ती देखरेखीसाठी ठेवण्यात आली.

आता धोंडाबाईंच्या कोनाड्यातल्या पेनाकडे येऊ.

धोंडाबाईंची मुलगी वृषाली. प्रतिष्ठानाच्या हायस्कूलात ती गणित शिकवायची. सात वर्षं तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे पगार अर्धा, तोही संस्थेला सवड मिळेल तेव्हा, आणि जबाबदाऱ्या मात्र सगळ्या कायमच्या. घरात मिळवतं माणूस दुसरं नव्हतं. आदर्श शिक्षिका म्हणून प्रतिष्ठानाने तिचा दोनदा सत्कार केला. दुसऱ्या खेपेला लाकडी पेन दिलं. मानपत्रात ती चंदनासारखी झिजल्याचं मी लिहिलं. तिच्या बाबतीत ते वाक्य चुकून खरं होतं, त्यामुळे वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं.

२००२ साली तिची जागा मंजूर झाली. तिला कायम करण्याचा प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीने ३१ मार्च २००३ च्या आत पुण्याच्या कार्यालयात पोचायला हवा होता. न पोचला तर जागा रद्द. प्रस्ताव डिसेंबरातच तयार झाला. सही तेवढी बाकी होती, आणि सहीला एक क्षण लागतो.

पण रखमाजीरावांनी पंधरा ऑगस्टच्या भाषणात, ध्वनिक्षेपकावर, शब्द दिला होता. "वृषाली मॅडमच्या ऑर्डरवर मी सही करीन ती आपल्या मातीतल्या ह्या पेनानं, आणि चारचौघांत करीन." टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडलेला शब्द घरात बसून पाळता येत नाही. चारचौघं म्हणजे वार्षिक स्नेहमेळावा, आणि मेळावा ठरला ३० मार्चला, रविवारी. वृषाली जानेवारीत एकदा आणि फेब्रुवारीत दोनदा जाऊन आली. "साहेब, मेळाव्यात परत करा की सही. आत्ता साधी करून ठेवा," असं तिने सुचवलं. रखमाजीरावांना वाईट वाटलं. शब्दाची किंमत शिकल्या-सवरल्या लोकांना राहिलेली नाही, असं ते मला म्हणाले.

मेळावा थाटात झाला. तीनशेवर माणूस होतं. (आपणही होतात. तिसऱ्या रांगेत. जेवणाच्या कुपनावर नाव-गाव आपण स्वतः लिहिलंत, हे मला पक्कं आठवतं.) बारा सत्कार झाल्यावर वृषालीला व्यासपीठावर बोलावण्यात आलं. टेबलावर प्रस्ताव ठेवला. ती कडेला उभी राहिली. धोंडाबाई पुढच्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने वृषाली स्वतः तो प्रस्ताव घेऊन पुण्याला जाणार होती, पिशवी भरून तयार होती.

रखमाजीरावांनी खिशाचं पेन काढलं, उंच धरून सभेला दाखवलं आणि टोपण ओढलं. ते पाच वर्षांत निघालेलं नव्हतं, त्यामुळे दोघांनी मिळून ओढावं लागलं. आत लाकडाचं गुळगुळीत, निमुळतं टोक होतं. रखमाजीरावांनी ते कागदावर टेकवून सही केली. सही उमटली नाही. त्यांनी पेन झटकलं. तळहातावर घासून पाहिलं. तोंडाची वाफ दिली. मग व्यासपीठावरच्या इतर मान्यवरांनी आपापली पेनं पुढे केली. सगळी बाभळीची, सगळी सत्काराची आणि सगळ्यांची टोकं बंद. दलीचंद शेठनी खिशातून एक जाड रिफिल काढली आणि पेन उघडून आत सोडली. ती आत गेली. बाहेर कुठून यायचं हे तिला कळेना.

जानकूला उभं करण्यात आलं. "टोकाला भोक कुठं हाय?" रखमाजीरावांनी विचारलं.

"रिफिल बगून पाडायचं असतंय ते," जानकू म्हणाला. "तुमी ठरवणार व्हता ना? मी आपला वाट बगतोय."

वृषालीने पर्समधून आपलं पेन काढून पुढे केलं. साधं होतं, निळं, बारीक रिफिलचं. रखमाजीरावांनी हात मागे घेतला. "तुमच्या कामाची सही तुमच्याच पेनानं? लोक काय म्हणतील मॅडम? बरं न्हाई दिसत ते." मग ते, त्यांच्याविषयी हे नोंदवलंच पाहिजे, ध्वनिक्षेपकाकडे वळले आणि म्हणाले, "कुणाकडं पेन हाय का?"

हा प्रश्न त्यांनी मोकळ्या मनाने विचारला. पुढचं श्रेय जनतेचं आहे. तीनशे माणसांपैकी निदान दोनशेंच्या खिशाला पेन होतं, आणि लिहितं होतं. पण अध्यक्षांचं पेन चालत नाही म्हटल्यावर आपलं चालतं हे उठून दाखवायचं, म्हणजे उद्या त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? कुणाला पतसंस्थेत काम होतं, कुणाला शाळेत ॲडमिशन. लोकांनी खिशावर हात ठेवले आणि मांडवाच्या छताकडे पाहिलं. आपण चप्पल शोधत होतात. मी ध्वनिक्षेपकाजवळ तेराव्या सत्काराचं मानपत्र हातात धरून उभा होतो. ते लिहिलेलं पेन माझ्याही खिशाला होतं, पण मानपत्र वाचणाऱ्याने मधेच पेन पुढे करण्याचा संकेत नाही.

"राहू द्या," रखमाजीराव म्हणाले. "इषय उपसमितीकडं देऊ. एकदा पेन लिहितं झालं की पहिली सही मॅडमचीच."

"उद्या शेवटची तारीख आहे साहेब," वृषाली म्हणाली. ती हळू बोलली, पण ध्वनिक्षेपक चालू होता.

"म्हणून तर म्हणतो, घाई नको."

त्यानंतर भोजन झालं. जिलेबी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडतानाच वृषाली रखमाजीरावांच्या घरी गेली. ते गावाला गेले होते. तिकडे त्यांचा सत्कार होता. संध्याकाळी परतले तेव्हा त्यांच्या हातात एक पेन होतं, डबीसकट. पुण्याचं कार्यालय तोवर बंद झालेलं होतं.

जागा रद्द झाली. वृषालीला शाळा सोडावी लागली आणि मे महिन्यात प्रतिष्ठानाने तिचा निरोपाचा सत्कार ठेवला. संस्थेच्या परंपरेत माणसाला रिकाम्या हाताने घालवत नाहीत. शाल दिली, नारळ दिला आणि बाभळीचं पेन दिलं. जानकूला आता चांगली सवय झाली होती, हे पेन आधीच्यापेक्षा जास्त गुळगुळीत होतं. मानपत्रात मी चंदनाचं वाक्य घातलं नाही. जागा कमी होती, असं मी कारण दिलं. खरं म्हणजे ते लिहायची मला लाज वाटली.

उपसमितीबद्दल कृतज्ञतेने एवढंच सांगायचं, की तिने पुढच्याच महिन्यात निळी, बारीक रिफिल एकमताने निवडली. वरातीमागून का होईना, घोडं आलं. या कामगिरीबद्दल तिचा सत्कार झाला आणि तिला समितीचा दर्जा मिळाला. हे मानपत्र त्याच प्रसंगासाठी लिहायला घेतलं होतं. ते लांबलं आणि माझ्याकडेच राहिलं.

निरोपाच्या कार्यक्रमातली एक बाब तेवढी नोंदवायची राहिली. दिलेल्या वस्तूंची पोच घ्यावी लागते, हिशेब तपासनीसांचा तसा नियम आहे. मुख्याध्यापकांनी वही वृषालीपुढे सरकवली. तिने सत्काराच्या पेनाचं टोपण काढलं, बंद टोक बोटाने चाचपलं आणि टोपण परत लावलं. सत्काराचं पेन आपण होऊन उघडून पाहणारी पंचक्रोशीतली ती पहिली व्यक्ती. मग तिने सभेकडे पाहिलं.

"कुणाकडं पेन आहे का?"

लगेच दहा-बारा हात पुढे आले. बाईमाणसाची अडचण होती, शिवाय त्या दिवशी रखमाजीराव आले नव्हते. काही लोक तर खुर्च्या ओलांडून आले. सगळ्यांची पेनं लिहिती होती. तिने सगळ्यांत जवळचं घेतलं, सही केली आणि ते परत देण्याआधी वहीच्या कोपऱ्यात एक रेघ मारून पाहिली. ते तुमचं होतं.

"चांगलं चालतं की तुमचं पेन," ती म्हणाली.